दोन कचेऱ्यांचे शहर

शब्दही माणसांसारखेच पोटापाण्यासाठी परगावी जातात आणि तिथे भलताच उद्योग करू लागतात. आपल्याकडे कचेरी म्हटली की डोळ्यांपुढे फायलींचे ढीग, शिक्के आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ असे सांगणारा शिपाई उभा राहतो. हाच शब्द मद्रासपर्यंत पोचला आणि चक्क गाऊ लागला! तमिळ माणूस ‘कचेरीला चाललो’ म्हणतो तेव्हा तो कपाळाला विभूती लावून, इस्त्रीचा सदरा घालून गाण्याच्या मैफलीला निघालेला असतो. ‘सभा’ या शब्दाचेही तसेच. आपली सभा अध्यक्षीय भाषणाने संपते, किंवा त्यानेच मोडते. तिकडची सभा म्हणजे वर्गणीदार जमवून वर्षभर गाणी करविणारी संस्था. हिंदीवाले कादंबरीला उपन्यास म्हणतात; मद्रासेत उपन्यास ऐकायला जावे तर व्यासपीठावर पुराण सांगणारे शास्त्रीबुवा बसलेले! मी पडलो मराठीचा मास्तर, त्यामुळे असल्या गमतींत माझे मन उगाचच रमते. पण शब्दांची ही गंमत सोडून दिली तरी एक गोष्ट उरते. ज्या शहरात कचेरी या शब्दाला गाण्याचा अर्थ आहे, त्या शहरात एखाद्या परक्या पोराने नोकरीसाठी जाऊन राहावे यात काही विशेष योग असला पाहिजे.

मी मद्रास म्हणतो याचा वाचकांनी राग मानू नये. १९९६ साली शहराचे नाव अधिकृतपणे चेन्नई झाले तेव्हा मी शाळेत होतो. भूगोलाच्या पुस्तकातले जुने नाव जिभेवर बसले ते बसलेच.

या शहराचा गाण्याचा हंगाम म्हणजे मार्गळी महिना, आपला धनुर्मास. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत. या महिन्यात तिकडे लग्ने होत नाहीत, पाऊस ओसरलेला असतो आणि हवेत गारवा येतो. गारवा म्हणजे मद्रासच्या मानाने! आपण ज्या हवेत सदऱ्याची वरची गुंडी सैल करू, त्या हवेत तिथले आजोबा कानटोपी चढवून फिरताना मी स्वतः पाहिले. १९२७ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि तिच्यातूनच १९२८ साली म्युझिक अकादमी निघाली. तेव्हापासून नाताळच्या सुट्टीत गाणे ऐकायची वहिवाट पडली. ट्रिप्लिकेनची पार्थसारथी स्वामी सभा तर त्याहूनही जुनी. आता मैलापूर, त्यागरायनगर, आळवारपेट अशा भागांतून कितीतरी सभा आहेत, आणि त्या महिन्यात सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे ना कुठे तंबोरा लागलेला असतो. २०१७ साली युनेस्कोने या शहराला संगीताचे नगर म्हणून मान दिला, तो उगीच नव्हे.

अशा या शहरात माझा भाचा २०२२ च्या जूनमध्ये नोकरीला लागला. वय वर्षे बावीस, गाव मिरज, पदवी इंजिनियरची. शहराच्या दक्षिणेला, चेंगलपट्टूच्या अलीकडे परनूर म्हणून स्टेशन आहे. तिथल्या उद्योगनगरीत त्याची कचेरी, म्हणजे फायलींची. पहिले सहा महिने पोराचे फार वाईट गेले. भाषा येईना, जेवण रुचेना, खोलीतले दोघे सोबती रात्रपाळीला. रोज रात्री आईला फोन, आणि फोनवर बोलणे काहीच नाही, नुसते “हं, जेवलो.” माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, फोन ठेवल्यावर तासभर गप्प बसून राहायची.

मग एकाएकी फोन कमी झाले. २०२४ ची दिवाळी आली, आणि चिरंजीवांनी कळवले की रजा शिल्लक नाही. चौकशी करता असे निघाले, की रजा होती, पण ती त्याने डिसेंबरसाठी राखून ठेवली होती. दिवाळीला आईकडे यायचे सोडून गाणे ऐकायला रजा! त्यातच त्याच्या कंपनीने पुण्याला बदली देऊ केली होती आणि हा ‘बघतो’ म्हणून राहिला होता. अक्का मला म्हणाली, “तू जा. तुझे तो ऐकतो. बदली घे म्हणावे, आणि तिथे खरे काय चालले आहे ते डोळ्यांनी बघून ये.” कॉलेजला नाताळची सुट्टी होतीच. मी निघालो.

भाचेरावांची खोली पश्चिम मांबलमला, म्हणजे कचेरीपासून चांगली सव्वा तास लांब. कंपनीच्या जवळ स्वस्त जागा सोडून हा इतक्या दूर का राहतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. मांबलमहून साऱ्या सभा जवळ! सकाळची लोकल दक्षिणेकडे, फायलींच्या कचेरीला. संध्याकाळी उलट्या दिशेने परत आणि तसेच गाण्याच्या कचेरीला. गाडीत तो तमिळ शिकला. त्याची क्रमिक पुस्तके म्हणजे इळैयराजांची चित्रपटगीते. चहाच्या टपरीवर, बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात हीच गाणी लागलेली असतात. गाण्यातला शब्द धरायचा आणि शेजारच्याला अर्थ विचारायचा. गाण्याचा अर्थ विचारल्यावर चिडणारा माणूस त्याला अजून भेटायचा आहे. टपरीवाल्याला तो अण्णा म्हणतो, खालच्या मजल्यावरच्या बाईंना अक्का. मिरजेच्या पोराला ही नाती शिकावी लागली नाहीत, ती त्याने घरूनच आणली होती.

पहिल्याच पहाटे त्याने मला साडेचारला उठवले. “मामा, तोंड धुवा, मैलापूरला जायचंय.” कपालीश्वराच्या देवळाभोवती चार माड रस्ते आहेत. माड रस्ता म्हणजे देवाचा रथ जातो तो प्रदक्षिणेचा मार्ग. अंधारात बायका दारापुढे तांदळाच्या पिठाचे कोलम काढीत होत्या. ठिपक्यांवरून रेघ निघायची, वळसे घेत फिरायची आणि सुरुवातीच्या ठिपक्याला येऊन मिळायची; हात कुठे अडखळत नव्हता. तेवढ्यात टाळांचा आवाज आला आणि वीस-पंचवीस माणसांची भजनाची दिंडी वळणावरून पुढे आली. या महिन्यात आंडाळची तीस पदे रोज एकेक म्हणायची चाल आहे. भजन संपल्यावर द्रोणातून गरम पोंगल मिळाला. मूगडाळ, तांदूळ, मिरे आणि वरून तूप. मला आमच्या आईची आठवण झाली. धनुर्मासात तीही उजाडायच्या आत मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा देवापुढे ठेवायची आणि आम्हाला थंडीत कुडकुडत जेवायला बसवायची. देव वेगळा, पातेले वेगळे, पण डाळ, तांदूळ आणि पहाट तीच!

“पहिल्या वर्षी मी इथंच उभा राहून रडलो होतो,” भाचेराव द्रोण पुसता पुसता सहज म्हणाले. “पोंगल तिखट लागला म्हणून, असं शेजारच्या आजींना वाटलं. त्यांनी पाणी आणून दिलं.”

गाण्याच्या वाटेला तो लागला तो पावसामुळे. तिकडे खरा पाऊस दिवाळीच्या सुमारास पडतो. २०२२ च्या नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी तो मैलापुरात भिजत एका सभेच्या ओसरीत उभा राहिला. दारावरच्या म्हाताऱ्याने हाताने ‘आत जा’ अशी खूण केली. आत एक मुलगी गात होती. शब्द कळेना, ठेका कळेना; पण पाच-सात मिनिटांनी त्याच्या लक्षात आले की हा तर मालकंस! आमच्या घरी वडिलांनी जपून ठेवलेल्या तबकड्या होत्या. मालकंस त्याने पाळण्यात ऐकलेला. तिकडे त्याचे नाव हिंदोळम्. “मामा, सहा महिन्यांत पहिल्यांदा ओळखीचं माणूस भेटलं,” तो म्हणाला. मग त्याला छंदच लागला. मोहनम् म्हणजे आपला भूप, कल्याणी म्हणजे यमन, शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा, खरहरप्रिया म्हणजे साधारण काफी. एकेका अनोळखी दारावर टकटक करावी आणि आतून आपल्याच नात्यातले कोणी बाहेर यावे, तसे.

अर्थात नात्यातले असले तरी त्यांच्या घरच्या रीती निराळ्या. अकादमीच्या मोठ्या सभागृहात, ज्याची कोनशिला १९५५ साली नेहरूंनी बसवली आणि जे १९६२ साली खुले झाले, तिथल्या बाल्कनीत आम्ही बसलो होतो. शेजारी एक निवृत्त बँक अधिकारी होते. ते कुजबुजले, “तोडी.” मी आपल्या तोडीसाठी कान टवकारले, तर ऐकू आली भैरवी! भैरवी म्हणजे आपल्याकडे मैफल संपली. माझा पाय नकळत चपला शोधू लागला. भाचेराव हसून म्हणाले, “बसा मामा, अजून दोन तास आहेत.” त्यांची तोडी आपल्या भैरवीच्या सुरांची, त्यांची भैरवी तिसरीच, आणि आपली तोडी तिकडे शुभपंतुवराळी नावाने नांदते. सूर तेच असले तरी प्रत्येक सुराला तिथे असा काही झोका देतात की ओळख पटता पटता हुकते. आपल्याकडे गवई अर्धा तास एकाच रागाच्या उंबऱ्यावर बसून राहतो. तिकडे आधी वर्णम्, मग गणपती, मग लहान-मोठ्या कृती, मग मुख्य राग, शेवटी हलकी पदे आणि मंगलम्. आज रूढ असलेला हा कचेरीचा साचा अरियकुडी रामानुज अय्यंगार (१८९०–१९६७) यांनी बसवला असे मानतात. व्हायोलिनवाला गवयाच्या मागून सावलीसारखा येतो आणि मृदंगम्‌वाला पदाच्या शब्दाशब्दाला जपत वाजवतो.

श्रोते मात्र पाहण्यासारखे. सगळे सभागृह मांडीवर ताल धरून बसलेले. एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट. मग टाळी आणि उताणा हात, पुन्हा टाळी आणि उताणा हात. झाल्या आठ मात्रा, झाला आदिताल. आपल्याकडे दाद तोंडाने देतात, तिकडे हाताने हिशेब ठेवतात. भाचेरावांचा हात त्यांच्यासारखाच चालत होता. समोरच्या रांगेतल्या नऊवारीतल्या आजी (तिकडचीही नऊवारच, नेसण्याची तऱ्हा वेगळी) मधूनच मागे वळून त्याच्या हाताकडे बघत आणि मान हलवत. परीक्षेत पोरगा पास होता.

मुख्य रागानंतर मृदंगम् आणि घटम् यांचा एकट्यांचा डाव सुरू होतो. त्याला तनि आवर्तनम् म्हणतात. नेमके तेव्हाच निम्मे सभागृह उठून कॅन्टीनकडे चालू लागते! यावर तिकडे वर्षानुवर्षे विनोद चालत आले आहेत, आणि माणसे विनोद सांगत सांगतच उठतात. आम्ही बसून राहिलो. त्याच महिन्यात, १५ डिसेंबरला, झाकीर हुसेन गेले होते. शेजारचे बँकवाले सांगत होते, ‘शक्ती’च्या मेळात विक्कू विनायकरामांच्या घटम्‌बरोबर त्यांचा तबला ऐकला आणि त्या दिवसापासून आपण तनि सोडून कधी उठलो नाही. मातीच्या घागरीवर बोटे पडत होती आणि अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांतून ते म्हातारे डोळे मिटून मात्रा मोजत होते.

कॅन्टीनबद्दल न लिहिले तर घरची मंडळी मला माफ करणार नाहीत. हंगामात मोठ्या सभांच्या आवारात नामांकित आचारी मांडव घालतात. केळीच्या पानावर जेवण, संध्याकाळी अडै-अवियल, केळफुलाचे वडे, अशोका हलवा, आणि पितळी डबरा-पेल्यातली फेसाळ कॉफी. गाण्यात रस नसलेली कुटुंबेच्या कुटुंबे नुसती जेवायला येतात, आणि त्यांना कोणी नावे ठेवीत नाही. अशोका हलवा मुगाच्या डाळीचा. तूप किती, हे विचारू नये. एका पानावर दोन अनोळखी माणसे शेजारी बसली की पहिला प्रश्न ‘तुम्ही कुठले’ नसून ‘आज कुठे काय ऐकले’ हा असतो. भाचेरावांच्या निम्म्या ओळखी रसमच्या वाटीवर झालेल्या आहेत.

माझ्या मनात एक शंका होती ती मी याच पंगतीत विचारली. गाण्याचे शब्द कळत नसताना हा पोरगा रोज ऐकतो तरी काय? बँकवाले हसले. “मी पन्नास वर्षे त्यागराज ऐकतो आहे. मला तेलुगू येत नाही!” मी थक्क झालो, पण हिशेब सरळ होता. त्यागराज (१७६७–१८४७), श्यामा शास्त्री आणि मुत्तुस्वामी दीक्षितर हे तिघेही तिरुवारूरला, तमिळ मुलखात जन्मलेले. पहिल्या दोघांची रचना मुख्यतः तेलुगूत, तिसऱ्याची संस्कृतात. तमिळ श्रोते शतकभर परभाषेतली पदे ऐकत आले. त्यावर भांडणही झाले. तमिळ पदांना मान मिळावा म्हणून १९४३ साली तमिळ इसै संघम् निघाला, आणि त्या मागणीत न्याय होता. पण एक खरे, की न कळणाऱ्या शब्दांना आपल्या घरात जागा देण्याची सवय या शहराला जुनी आहे. मिरजेचे पोर इथे परके ठरले नाही याचे मला वाटते हेच कारण. भाषा येत नाही हा तिथल्या मैफलीत गुन्हा नव्हताच.

आणि मग बँकवाल्यांनी मलाच चकित केले. मी मराठी शिकवतो असे कळताच त्यांनी पानावरचा हात थांबवला आणि म्हणाले, “साकी, दिंडी, ओवी!” त्यांचे आजोळ तंजावरचे. तिथे १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. मराठी कीर्तन तिथे रुजले, आणि तंजावूर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी त्याच धाटणीवर तमिळ मुलखातली हरिकथा उभी केली. साकी आणि दिंडी ही वृत्ते त्या कथेबरोबर तिथे राहिली. वर्गात मोरोपंत शिकवताना दिंडीचे लक्षण फळ्यावर लिहिले की मागच्या बाकावरची मुले जांभया देतात. आणि इथे मद्रासच्या पंगतीत सांबार-भाताच्या पुढे बसलेला एक म्हातारा तीच दिंडी हाताने ताल धरून म्हणून दाखवीत होता. त्या रात्री कचेरीच्या शेवटी गायिकेने तुकोबांचा अभंग घेतला. उच्चार दाक्षिणात्य, पण मराठीतला ‘ळ’ हुकायला नको म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो होतो. कसा हुकेल? ‘ळ’ त्यांच्याही घरचाच. उत्तरेत गेला की तो हरवतो, दक्षिणेत मात्र सुखाने नांदतो.

शहराचे सगळेच कौतुक करून चालणार नाही. सभांतून बसणारे बहुतेक एकाच थरातले, एकाच वस्त्यांतले, हे माझ्यासारख्या पाहुण्यालाही दोन दिवसांत कळते. टी. एम. कृष्णा या गायकाने हेच बोलून दाखवले आणि २०१५ साली डिसेंबरच्या हंगामात गाणे थांबवले. त्याच वर्षी बेझंटनगरजवळच्या ऊरूर-ऑल्काट कुप्पम या कोळीवाड्यात, मच्छीमारांच्या वस्तीत, गाण्याचा उत्सव सुरू झाला. २०२४ सालचा संगीत कलानिधी किताब अकादमीने कृष्णांनाच जाहीर केला, तेव्हा मोठा वाद पेटला आणि पंगतीतही त्याचे चटके बसत होते. माझ्या डावीकडचे गृहस्थ एका बाजूचे, उजवीकडचे दुसऱ्या. मध्ये मी आणि माझा हलवा. भाचेराव मात्र दोन्हीकडे जाणारे. कोळीवाड्याच्या वाळूतही तो बसला आहे आणि अकादमीच्या बाल्कनीतही. “गाणं ऐकायला आत कोण येतं, हा प्रश्न मला तरी विचारायलाच हवा ना मामा,” तो म्हणाला. “मला तर पावसानं आत ढकललं होतं.”

त्याची खरी जागा मला दिसली ती मात्र दुपारी. हंगामात दुपारच्या कचेऱ्यांना बहुतेक सभांत तिकीट नसते. त्या वेळी नवी मुले-मुली गातात. संध्याकाळी जिथे उभे राहायला जागा नाही, तिथे दुपारी बारा वाजता जेमतेम वीस-बावीस माणसे. त्यातले पाच-सहा गाणाऱ्याचे नातलग, दोन-तीन थंड हवेत डुलकी घ्यायला आलेले. भाचेराव राखून ठेवलेल्या रजेचे दिवस मुख्यतः या दुपारींना खर्च करतात हे पाहून मी विचारले, “अरे, संध्याकाळचे मोठे गवई सोडून हे कशाला?”

तो जरा थांबून म्हणाला, “संध्याकाळी मी नसलो तर कुणाचं काही अडत नाही, मामा. दुपारी अडतं.”

त्या दिवशी गाणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा होता, कुठल्याशा लहान गावाहून आलेला. सुरुवातीला त्याचा आवाज कापत होता. भाचेराव दुसऱ्या रांगेत नेमके त्याच्या डोळ्यांसमोर बसले आणि पहिल्या टाळीपासून हात चालू ठेवला. तिसऱ्या कृतीला मुलाची नजर एकदा त्या हातावर आली, तिथेच ठरली आणि आवाज स्थिर झाला. मैफल संपल्यावर त्याच्या आईने येऊन माझ्या भाच्याला हात जोडले. एकमेकांना काय म्हणाली ते मला कळले नाही, तमिळ होते. तो उत्तर देत होता, आणि न अडखळता देत होता.

बदलीचा विषय मी रविवारपर्यंत काढला नाही. रविवारी तो म्हणाला, “चला, एक स्टेशन दाखवतो.” आम्ही मांबलमला लोकल धरली. तांबरम गेले, वंडलूर गेले, गुडुवांचेरी गेले. शहर विरळ होत गेले आणि तळी, ताडाची झाडे दिसू लागली. सिंगपेरुमाळ कोविलला आम्ही उतरलो. सिंगपेरुमाळ म्हणजे नरसिंह. खडकात कोरलेल्या त्याच्या देवळावरून गावाला हे नाव पडले. पुढचे स्टेशन परनूर, म्हणजे त्याची कचेरी. या फलाटावरून तो रोज दोनदा जातो.

मिरजेच्या माणसाला हे स्टेशन माहीत असते, पाहिलेले मात्र नसते. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले, म्हणून ते इथे उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा जुळवून घेतला, दरबारीच्या सुरांत ईश्वराचे नाव घेतले आणि तिथेच २७ तारखेला त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या सावलीत पुरले. उरुसात तिथे अजून गाणे होते. आमच्या आजोबांनी खाँसाहेबांना ऐकले होते. वडील आम्हाला आणि पुढे या नातवालाही बोटाला धरून दर्ग्यात नेत. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य; भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल या सवाई गंधर्वांच्या शिष्या-शिष्यांची गाणी आपल्या घराघरांत आहेत. पण खाँसाहेब दक्षिणेतही उपरे नव्हते. कर्नाटक पद्धतीची सरगम त्यांनी आपल्या गाण्यात आणली. त्यागराजांच्या एका कृतीची त्यांची ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळते. कैराण्याला जन्मलेला माणूस मिरजेचा झाला आणि मद्रासकडच्या एका फलाटावर शेवटचा सूर लावून गेला.

मी कुठली पाटी शोधायला गेलो नव्हतो. फलाटावर एक बाई मोगऱ्याचे गजरे ओवीत बसली होती, दोन मुले क्रिकेटची बॅट घेऊन गाडीची वाट पाहत होती. भाचेराव म्हणाले, “पहिले सहा महिने मी इथून रोज गेलो, पण डोकं खाली घालून. नावच वाचलं नव्हतं. एकदा दुपारच्या कचेरीत शेजारच्या आजोबांनी विचारलं, कुठला तू? मिरज म्हटल्यावर त्यांनी खाँसाहेबांचं नाव घेतलं आणि या स्टेशनाचं. दुसऱ्या दिवशी गाडी इथं थांबली तेव्हा मी दारात उभा होतो.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “मामा, आईनं बदलीचं बोलायला पाठवलंय ना तुम्हाला?”

मी म्हटले, “हो.”

“मी नको म्हणून कळवलंय. गेल्याच आठवड्यात. घर नको म्हणून नव्हे. इथं आता कुठं मला लोक ओळखायला लागलेत.”

मी त्याला उपदेश केला नाही. सव्वा तास दूर खोली घेऊन, रजा साठवून, तालाची बोटे मोजून पोराने एक शहर स्वतःच्या कष्टाने मिळवले होते. ते माझ्या एका वाक्याने त्याच्या हातून काढून घ्यावे असे मला वाटेना. उलट दिशेची लोकल आली. आम्ही मांबलमला परत गेलो आणि तिथून संध्याकाळच्या कचेरीला.

मिरजेला आल्यावर मी अक्काला सारे जसेच्या तसे सांगितले; दुपारची कचेरी, त्या मुलाची आई, फलाट. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “वडील असते तर त्या स्टेशनावर गेले असते.” आणखी थोड्या वेळाने तिने विचारले, “त्या हलव्याला मुगाची डाळ भिजवून घेतात की भाजून?” तेव्हा मी ओळखले की वादळ गेले.

यंदाच्या, २०२५ च्या दिवाळीलाही भाचेराव येणार नाहीत. रजा पुन्हा मार्गळीसाठी राखली आहे. पण या खेपेला घरात कोणी तोंड पाडून बसलेले नाही. डिसेंबरची गाडीची तिकिटे अक्काने स्वतः काढली आहेत, तिची आणि माझी. फराळाचा डबा आपणच घेऊन जाणार म्हणते. रोज रात्री फोनवर मुलाकडून आदिताल शिकणे चालू आहे; टाळी बरोबर पडते, अनामिका अजून चुकते. अकादमीच्या बाल्कनीची जागा काढून ठेवू का, असे त्याने विचारले तर तिने सांगितले, ती घाई नको. पहिल्या दिवशी सिंगपेरुमाळ कोविलचा फलाट, आणि तिथून परत येऊन दुपारी बाराची कचेरी, बिनतिकिटाची. दुसऱ्या रांगेत दोघांना जागा धरून ठेव म्हणावे.